अमेरिकेत जुनी गाडी दान करताय? आधी या चुका टाळा

२९ डिसेंबर २०१७. न्यू जर्सीत त्या आठवड्यात हाडं गोठवणारी थंडी होती. आमची २००३ची कोरोला न्यायला टो ट्रक दारात उभा होता. चालकाने एका हाताचा मोजा काढला, टायटलचा, म्हणजे गाडीच्या मालकीचा, कागद बॉनेटवर पसरला आणि मालकाच्या नावांवर बोट ठेवलं. तिथे आम्हा दोघांची नावं होती आणि मध्ये 'अँड' असा शब्द. सही मात्र एकच, माझी. सासूबाई आजारी म्हणून नवरा सांगलीला गेलेला. चालकाने मान हलवली, कागद माझ्या हातात परत दिला आणि रिकामा ट्रक घेऊन तो निघून गेला.

गाडी गेली ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. दोनच आठवड्यांचा उशीर, पण तेवढ्यात वर्ष बदललं आणि त्याबरोबर कायदाही. २०१७ला नवराबायकोचं मिळून स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्चांचा हिशेब न दाखवता उत्पन्नातून मिळणारी सरसकट वजावट, १२,७०० डॉलर होतं. घरकर्जाचं व्याज आणि प्रॉपर्टी टॅक्स धरला की आम्ही त्याच्या वर जायचो. २०१८ला तेच २४,००० झालं, वर राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीला १०,०००ची मर्यादा आली. आमचं आयटमाइझ करणं, म्हणजे सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवून वजावट घेणं, तिथेच थांबलं आणि कोरोलाच्या दानाचा करात एका डॉलरचाही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून दिवाळी सरली की ओळखीचं कुणी ना कुणी विचारतं, 'अगं, जुनी गाडी द्यायची आहे, काय काय लागतं?' मग त्यांच्या डायनिंग टेबलावर आम्ही कागद पसरून बसतो. तिथे वारंवार दिसलेल्या चुका इथे सांगते.

ब्लू बुकचा आकडा वजावट म्हणून धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लोक केली ब्लू बुकवर गाडीची किंमत बघतात, ४,५०० डॉलर दिसले की 'एवढे वाचले' असं धरून चालतात. २००५च्या आधी साधारण असंच चालायचं. २००४च्या कायद्याने ते बंद केलं. आता संस्थेने गाडी विकली आणि तिला ५००पेक्षा जास्त आले, तर जितक्याला ती प्रत्यक्ष विकली गेली तितकीच तुमची वजावट. बहुतेक संस्था दानाच्या गाड्या थेट लिलावात पाठवतात आणि लिलावात जुन्या गाडीला घाऊक भाव मिळतो. ५०० किंवा त्याहून कमी आले, तर ५०० आणि गाडीची बाजारातली किंमत यांतला जो आकडा कमी, तेवढी वजावट घेता येते.

शिवाय वजावट म्हणजे करातून थेट सूट नव्हे. ती उत्पन्नातून वजा होते, आणि तीही आयटमाइझ करणाऱ्यांनाच. २०२६साठी स्टँडर्ड डिडक्शन एकट्याला १६,१०० आणि जोडप्याला ३२,२०० आहे. तुमचं व्याज, कर आणि दान मिळून त्याच्या वर जात नसेल तर गाडी दिल्याने करात काहीच फरक पडत नाही. राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीची मर्यादा २०२५ला ४०,०००वर गेल्याने न्यू जर्सीतल्या पुष्कळ घरमालकांना पुन्हा आयटमाइझ करणं परवडू शकतं, म्हणून हा हिशेब जुन्या आठवणीवर न सोडता नव्याने मांडा.

२०२६पासून आणखी एक गोष्ट बदलली आहे. आयटमाइझ करणाऱ्यांच्या एकूण दानातून उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याइतकी रक्कम आधी बाजूला काढली जाते आणि उरलेल्यावरच वजावट मिळते. समजा, जोडप्याचं उत्पन्न १,६०,००० आहे, वर्षभरात दुसरं दान नाही आणि कॅम्री लिलावात १,३०० डॉलरला गेली. अर्धा टक्का म्हणजे ८००. उरले ५००. हे जोडपं २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर वाचलेला कर ११० डॉलर. ब्लू बुकवर ४,५०० बघून ज्यांनी फोन फिरवलेला असतो, त्यांना हा आकडा सांगताना मला दर वेळी वाईट वाटतं. पण तो ट्रक बोलावण्याआधी कळलेला बरा.

चालती गाडी स्वतः न विकणं

माझं स्पष्ट मत आहे की गाडी धडधाकट चालत असेल आणि तुमच्याकडे दोन शनिवार-रविवार असतील, तर ती स्वतः विका आणि आलेले पैसे दान करा. तीच कॅम्री शेजारच्या गावातल्या एखाद्या मुलाने ४,०००ला घेतली, तर संस्थेच्या हातात पूर्ण ४,००० पडतात. लिलावाच्या वाटेने १,३०० येतात आणि त्यातूनही टो ट्रकचा, लिलावाचा, मध्यस्थ कंपनीचा खर्च जातो. तुमच्या बाजूने पाहिलं तर ४,०००मधून ८०० वजा जाऊन ३,२०० उरतात आणि २२ टक्क्यांनी ७०४ डॉलर वाचतात. वापरलेली गाडी घेतल्या किमतीपेक्षा कमीत विकली तर त्या विक्रीवर कर लागत नाही.

आयटमाइझ न करणाऱ्यांसाठी तर हीच वाट खरी. २०२६पासून त्यांनाही दानाची वजावट मिळते, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,०००पर्यंत, पण ती फक्त रोख दानावर. चेक आणि कार्ड त्यात धरतात, गाडी धरत नाहीत. म्हणजे गाडी तशीच दिली तर शून्य, आणि विकून चेक दिला तर २,०००ची वजावट.

ट्रान्समिशन गेलेलं आहे, इन्स्पेक्शनमध्ये पास होत नाही, ड्राइव्हवेवर नुसती उभी आहे, अशी गाडी मात्र खुशाल दान करा. ती तुम्हाला विकता येणार नाही, संस्था फुकट घेऊन जाते आणि भंगारातूनही तिच्या पदरात काही पडतं.

सगळ्या संस्था सारख्याच समजणं

लिलावाच्या भावाचा नियम तीन ठिकाणी लागू होत नाही. संस्था गाडी आपल्या कामासाठी बराच काळ वापरणार असेल, तिच्यात मोठी दुरुस्ती करणार असेल, किंवा गरजू कुटुंबाला बाजारभावापेक्षा खूपच स्वस्तात अथवा फुकट देणार असेल, तर गाडीच्या बाजारभावाइतकी वजावट मिळते. इथेही बाजारभाव म्हणजे एका व्यक्तीने दुसरीला विकतानाचा भाव. डीलरच्या शोरूमचा भाव चालत नाही. नुसतं रंग मारणं किंवा धुऊनपुसून घेणं मोठ्या दुरुस्तीत येत नाही.

अशी कामं करणाऱ्या संस्था आहेत. मेरीलँडमधली 'व्हेइकल्स फॉर चेंज' दानात आलेल्या गाड्या दुरुस्त करून नोकरीला जाण्यासाठी गाडी लागणाऱ्या कुटुंबांना देते. इथे बस नसलेल्या गावात गाडी नसणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या प्रत्येकाने पहिल्या महिन्यात अनुभवलेलं असतं. गाडी देण्याआधी संस्थेला दोनच प्रश्न विचारा. गाडीचं पुढे काय करणार? आणि विक्रीच्या पैशातले किती तुमच्याकडे राहतात? सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरी संस्था बघा. रेडिओवर जाहिरात वाजली म्हणून लगेच फोन करू नका.

संस्था ५०१(सी)(३), म्हणजे दानावर वजावट मिळण्यासाठी मान्यता असलेली, आहे का, हे आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) वेबसाइटवरच्या 'टॅक्स एक्झम्प्ट ऑर्गनायझेशन सर्च'मध्ये नाव टाकून दोन मिनिटांत कळतं. आपल्या महाराष्ट्र मंडळाला किंवा मराठी शाळेला द्यायची असेल तरीही बघा. ना-नफा म्हणून राज्यात नोंदणी असणं वेगळं आणि ही मान्यता असणं वेगळं. देवळांचं मात्र असं की प्रार्थनास्थळांना वेगळा अर्ज करावा लागत नाही, त्यामुळे ती यादीत नसली तरी पात्र असू शकतात. त्यांच्या खजिनदाराकडून लेखी घ्या. गावाकडच्या ट्रस्टची ८०जीची पावती अमेरिकेच्या रिटर्नमध्ये चालत नाही. ती भारतातल्या आयकरासाठी असते.

कागदाची वाट न बघता रिटर्न भरणं

५००पेक्षा जास्त वजावट घ्यायची तर संस्थेकडून फॉर्म १०९८-सी, म्हणजे गाडीच्या दानाची पोचपावती, यावा लागतो, आणि त्याची 'बी' प्रत रिटर्नला जोडावी लागते. सोबत फॉर्म ८२८३ही भरायचा. गाडी विकली गेल्यापासून ३० दिवसांत १०९८-सी यायला हवा. लोक हे ३० दिवस गाडी नेल्याच्या तारखेपासून मोजतात आणि जानेवारीत घाबरतात. डिसेंबरात नेलेली गाडी फेब्रुवारीत विकली गेली तर फॉर्म मार्चमध्ये येणं साहजिक आहे. वजावट तरीही गाडी दिली त्याच वर्षाची. ती तारीख पहिल्या रकान्यात असते.

फॉर्म आला की ४सी रकाना बघा, विक्रीची रक्कम तिथे असते. ७व्या रकान्यात खूण असेल तर ५००च्या वर वजावट घेता येत नाही. गाडीच्या बदल्यात हॉटेलच्या मुक्कामाचं कूपन वगैरे मिळालं असेल तर त्याची किंमत वजावटीतून कमी करा. गाडीचा व्हीआयएन नंबर आणि तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर अक्षर-अक्षर जुळवून पाहा. गाडी एच-४ व्हिसावरच्या जोडीदाराच्या नावावर असेल आणि त्याच्याकडे आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांचा कर क्रमांक) असेल, तर तोच नंबर संस्थेला आधीच कळवा.

१५ एप्रिल जवळ आला आणि फॉर्म आलाच नाही, तर दोन वाटा आहेत. मुदतवाढ मागा, ती सहा महिन्यांची मिळते. पण लक्षात ठेवा, कर भरण्याची मुदत वाढत नाही, ती रक्कम एप्रिलमध्येच भरायची. किंवा गाडीची वजावट न घेता रिटर्न भरा आणि फॉर्म हातात आल्यावर तो १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मने दुरुस्त करा. मला दुसरी वाट जास्त सोयीची वाटते. अंदाजाने आकडा टाकून मोकळं होणं ही मात्र वाट नव्हे. कागदाशिवाय घेतलेली वजावट नाकारली जाते.

टायटल शेवटच्या दिवशी शोधणं

वजावटीसाठी गाडी ३१ डिसेंबरपर्यंत प्रत्यक्ष ताब्यात गेलेली लागते. ऑनलाइन अर्ज भरल्याची तारीख धरली जात नाही. ख्रिसमसनंतरच्या आठवड्यात टोवाल्यांकडे रांग असते, म्हणून थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतच टायटल शोधून काढा.

त्यावर काय बघायचं? दोन नावांमध्ये 'अँड' असेल तर दोघांच्या सह्या. कर्ज कधीच फिटलं असलं तरी बँकेचं नाव टायटलवर राहिलेलं असतं, मग बँकेकडून लीन (गाडीवरचा कर्जाचा बोजा) सुटल्याचं पत्र हवं. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात सही नोटरीसमोर करावी लागते, तेव्हा घरीच सही करून ठेवू नका. आणि काही चुकलं तर खाडाखोड करू नका, पांढरा रंग तर मुळीच लावू नका. तसं टायटल बाद होऊ शकतं, आणि डुप्लिकेट काढण्यात आठवडे जातात. घेणाऱ्याच्या रकान्यात संस्थेचं नाव लिहा. कोरं टायटल सही करून दिलं की कागदोपत्री गाडी तुमचीच राहते.

कायमचे भारतात परतणारे आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरची मुलं यांच्यासाठी थोडं वेगळं सांगते. परतताना शेवटच्या आठवड्यात गाडी देणार असाल, तर १०९८-सी कुठल्या पत्त्यावर येणार ते ठरवा. रिकाम्या केलेल्या अपार्टमेंटचा पत्ता दिलात तर तो फॉर्म तुम्हाला कधीच दिसणार नाही. मित्राचा पत्ता द्या आणि त्याला सांगून ठेवा. भारतीय विद्यार्थ्यांना, पहिली पाच कॅलेंडर वर्षं अनिवासी म्हणून १०४०-एनआर भरत असतानाही, भारत-अमेरिका करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. त्यामुळे बहुतेकांना गाडी दान करून करात काही मिळत नाही. पुढच्या बॅचच्या मुलाला रास्त भावात विकणं दोघांच्याही भल्याचं.

गाडी गेल्यावर निश्चिंत होणं

ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी गाडीतून टोलचा ई-झेडपास काढा, नाहीतर पुढच्या मालकाचे टोल तुमच्या खात्यातून जातात. गॅरेजचा रिमोट काढा, गाडीत बिल्ट-इन असेल तर त्यातला कोड पुसा. स्क्रीनवरून तुमचा फोन आणि त्यात साठलेला घराचा पत्ता काढून टाका. ग्लोव्ह कम्पार्टमेंटमधले जुने इन्शुरन्सचे कागद घरी न्या. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती ओढून काढू नका. हेअर ड्रायरने दोन मिनिटं गोंद गरम करा आणि खालून दातांचा फ्लॉस फिरवा, मूर्तीला धक्का न लागता निघते. आमच्या कोरोलातला असाच निघाला आणि आता नव्या गाडीत आहे.

नंबर प्लेटचा नियम राज्यागणिक बदलतो. न्यूयॉर्कमध्ये प्लेट डीएमव्हीला (राज्याच्या वाहन खात्याला) परत केल्यावरच इन्शुरन्स बंद करायचा. क्रम उलटा झाला तर रजिस्ट्रेशन निलंबित होतं. कॅलिफोर्नियात प्लेट गाडीबरोबर जाते, पण मालकी सोडल्याची नोटीस पाच दिवसांत डीएमव्हीला द्यावी लागते, ऑनलाइनही देता येते. ती राहिली की पार्किंगची तिकिटं जुन्या पत्त्यावर येत राहतात. टोवाल्याने दिलेल्या पावतीचा आणि सही केलेल्या टायटलच्या दोन्ही बाजूंचा फोटो, ट्रक दारात उभा असतानाच काढून घ्या.