टी पेशीचे सहउद्दीपन: आकृती केंद्रकातून वर कशी काढावी

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी टी पेशी (प्रतिकारशक्तीतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कशा सक्रिय होतात हे दाखवणारी ही आकृती बहुधा पेशीपटलापासून काढू लागतात, आणि रेणूंच्या नावांच्या गर्दीत दुसऱ्या संकेताचे, म्हणजेच सहउद्दीपनाचे, नेमके काम हरवून जाते. म्हणून ती केंद्रकापासून सुरू करावी, असा माझा आग्रह आहे.

कागदाच्या तळाशी आयएल-२ चे, म्हणजे टी पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचे, जनुक काढा. ते जोमाने चालण्यासाठी एनफॅट, एपी-१ आणि एनएफ-कप्पा-बी हे जनुक चालू करणारे प्रथिन-घटक एकत्र यावे लागतात. एनफॅटचा माग वर काढत गेल्यास कॅल्सिन्यूरिन, पेशीद्रवात वाढलेले कॅल्शियम, आयपी-३, पीएलसी-गॅमा-१, लॅट, झॅप-७० आणि एलसीके अशा संकेत पुढे नेणाऱ्या दुव्यांच्या क्रमाने आपण प्रतिजन (टी पेशी ओळखते तो प्रथिनाचा तुकडा) ओळखणाऱ्या ग्राहीपाशी पोचतो. हा पहिला संकेत होय.

दुसऱ्या बाजूला, प्रतिजन सादर करणाऱ्या पेशीवरील सीडी८० किंवा सीडी८६ या रेणूशी जोडलेला टी पेशीवरील सीडी२८ हा ग्राही दाखवा. हा दुसरा संकेत. त्याच्या आतल्या शेपटीवरील टायरोसीनला फॉस्फेट जोडले गेले की तेथे पीआय-३-कायनेझ हे विकर येऊन बसते. शेपटीच्या प्रोलिनयुक्त भागामुळे पीकेसी-थीटा हे विकर दोन पेशींच्या संपर्कस्थानी टिकून राहते आणि एनएफ-कप्पा-बी व एपी-१ यांच्याकडे जाणाऱ्या वाटा बळावतात. शिवाय आयएल-२ चा संदेशवाहक आरएनए अधिक काळ टिकतो.

आता सीडी२८ ची बाजू हाताने झाका. कॅल्शियमची वाट चालूच राहते, पण एनफॅटला एपी-१ ची पुरेशी साथ मिळत नाही; तेव्हा एकटा पडलेला एनफॅट सीबीएल-बी सारखी, पेशीला आवरणारी वेगळीच जनुके चालू करतो आणि पेशी दीर्घकाळ प्रतिसादशून्य होते. म्हणजे दुसऱ्या संकेताअभावी प्रतिसाद केवळ मंदावत नाही, तर त्याची दिशाच पालटते. उत्तरपत्रिकेत हे वाक्य मला क्वचितच दिसते, आणि विषयाचा गाभा तर तोच आहे: सादरकर्त्या पेशीवर सीडी८० आणि सीडी८६ भरपूर वाढतात ते संसर्गाची चाहूल लागल्यावर, त्यामुळे निरोगी ऊतकातील स्वतःचीच प्रथिने ओळखणाऱ्या टी पेशी सहसा आवरल्या जातात.

शेवटी सीटीएलए-४ हा टी पेशीला लगाम घालणारा ग्राही लाल शाईने काढा. तो त्याच दोन रेणूंना सीडी२८ पेक्षा घट्ट बांधतो. मग आकृती तपासण्यासाठी तीन औषधांच्या जागा स्वतः शोधा: सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्यूरिनवर, संधिवातासाठी अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळालेले अबाटासेप्ट सीडी८० आणि सीडी८६ वर, तर कर्करोगावरील इपिलिमुमॅब सीटीएलए-४ वर आले पाहिजे.