पुढचे एक्सल घरी बदलताना

स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेतली की कटकट वाजतं, तो बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सल शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा, चाक वळलं तरी फिरणारा सांधा). वेग घेताना थरथर जाणवते, तर आतला, गिअरबॉक्सकडचा, तपासा. मूळ कारण बहुतेक वेळा जॉइंटवरचा फाटलेला रबरी बूट (आवरण): ग्रीस उडून जातं, धूळ-पाणी शिरतं आणि बॉलच्या खोबणी झिजतात.

हब नट (चाकाच्या मध्यभागी शाफ्ट धरणारा मोठा नट) चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. त्याची ठोकलेली कड आधी उचलून घ्या, नाहीतर आटे जातात. मग गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. ब्रेकचा कॅलिपर सोडलाच तर तारेने बांधा, ब्रेकच्या होजवर (नळीवर) लटकवू नका. लोअर बॉल जॉइंट (खालचा सांधा) सुटला की नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग, बाहेर झुकतो. शाफ्ट अडकला असेल तर जुना नट टोकाच्या पातळीत ठेवून लाकडाच्या ठोकळ्यावरून ठोका.

आतलं टोक पहारीने उचकटायचं. शाफ्ट धरून ओढलात तर जॉइंट आतच सुटतो आणि काम दुप्पट होतं. गिअर ऑइल गळेल, खाली भांडं हवं. एका वेळी एकच बाजू काढा. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही शाफ्ट निघाले की डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या जोडणीचे) साइड गिअर सरकतात.

ऑइल सील नवीनच घाला, कंजुषी इथे नको. सील स्वस्त, गळती महाग. सर्क्लिप (शाफ्ट आत अडकवून ठेवणारी कडी) नवी, आणि टक् आवाज येऊन शाफ्ट हाताने ओढून निघत नाही ना, हे बघा. हब नटही नवा. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. त्याआधी गाडी चाकांवर हलवली तर बेअरिंग खराब होतं. शेवटी गिअर ऑइलची पातळी भरा.