ठाणे-नवी मुंबईत ड्रोन फोटोग्राफी: आधी नकाशा, मग रिमोट

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच टॉवरच्या गच्चीवर उभं राहिलं की कुणालाही वाटेल, इथून ड्रोन सोडला तर काय फोटो येतील! एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. नेमकी हीच जागा नवशिक्यासाठी सगळ्यात वाईट. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द, कोलशेतला हवाई दलाचा तळ आणि मध्ये टॉवरांची अशी दाटी की ड्रोन कुठल्या इमारतीआड गेला ते कळायच्या आत सिग्नल तुटलेला असतो.

आपल्या भागात ड्रोन मिळवणं त्यामानाने सोपं, तो उडवायला जागा मिळवणं कठीण. बहुतेक जण आधी खोकं घरी आणतात आणि मग जागा शोधत फिरतात. तुम्ही उलट करा.

जागा ठरवा

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. त्यानुसार आकाशाचे तीन रंग केलेत आणि ते ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात दिसतात. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, उड्डाणाला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरव्या रंगाची मर्यादा निम्म्यावर, ६० मीटरवर येते.

आता आपला परिसर बघा. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. उलवे, बेलापूर, खारघर, पनवेल हा सगळा भाग त्याला लागून आहे. खारघरच्या टेकडीवरून काढलेले जुने ड्रोन व्हिडिओ पाहून तिकडे धाव घेऊ नका. ते विमानतळ सुरू होण्याआधीचे असतील. उरणकडे बंदर आणि नौदल. खाडीपलीकडे मुंबईत ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र. ऐरोलीच्या बाजूला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. हे २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. अभयारण्यावर वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय ड्रोन न्यायचा नाही. गुलाबी थव्याचा वरून काढलेला फोटो सुंदर दिसतो हे खरं, पण तो काढताना थवा उठला की त्यांचं खाणं तुटतं. असा फोटो कुणी कौतुकाने दाखवला तरी मला तो आवडत नाही.

त्याशिवाय पोलीस आयुक्त वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर मनाई आदेश काढतात. नकाशावर हिरवं असलं तरी असा आदेश लागू असताना उडवता येत नाही. त्यामुळे नकाशा आणि मनाई आदेश दोन्ही त्या दिवशी सकाळी पाहायचे. आदल्या आठवड्यात पाहिलं होतं, हे चालत नाही.

मग शिकायचं कुठे? ठाणे जिल्हा शहरापुरता नाही. मुरबाड, शहापूरच्या बाजूला भातकापणी झाल्यावर जी मोकळी शेतं पडतात, त्याहून चांगलं मैदान मिळणार नाही. नकाशावर गाव हिरव्या भागात आहे का बघा, धरण आणि वनहद्दीपासून लांब राहा, आणि शेतमालकाला आधी विचारा. न विचारता शेतात शिरून डोक्यावर यंत्र घोंघावत ठेवलं तर गाव जमा व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

मग ड्रोन

वजन हा इथला कळीचा आकडा. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेलं सरकारी मान्यतापत्र), पायलट सर्टिफिकेट आणि विमा यांची सक्ती नाही. मायक्रो हौसेसाठी उडवलात तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण टाइप सर्टिफिकेट, नोंदणी क्रमांक आणि तिसऱ्या पक्षाचा (दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर भरून देणारा) विमा लागतो. लग्नाचं, बिल्डरचं, रिसॉर्टचं असं कुठलंही पैसे घेऊन काम मायक्रोवर करायचं तर पायलट सर्टिफिकेट हवंच. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण, एवढी पात्रता पुरते. सर्टिफिकेट १० वर्षं चालतं. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन आणि संरक्षणासारखे मोजके अपवाद सोडले तर. तरी ते बाजारात दिसतात. मोठा परदेशी ड्रोन घ्यायचा मोह झाला तर एवढं लक्षात घ्या: टाइप सर्टिफिकेट नसेल तर नोंदणी क्रमांक मिळत नाही, आणि क्रमांकाशिवाय तो उडवणं बेकायदा. दुकानदार ‘काही होत नाही साहेब’ म्हणतो, पण पोलिसांनी अडवल्यावर तो तुमच्या बाजूला उभा नसतो. पक्कं बिल आणि त्यावर ड्रोनचा सिरियल नंबर, एवढं तरी मागाच.

२४९ ग्रॅमचा म्हणून घेतलेला ड्रोन उडताना २४९ चाच असेल असं नाही. नियमात धरलं जातं ते बॅटरी, फिल्टर, पंख्यांचे गार्ड असं सगळं लावून भरणारं वजन. काही मॉडेलांना जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी मिळते. ती बसवली की ड्रोन सरळ मायक्रो होतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, उडायला तयार अवस्थेत, एकदा ठेवून बघा.

सोबत दोन जादा बॅटऱ्या, पंख्यांचा एक जादा संच आणि व्ही३० प्रतीचं, म्हणजे व्हिडिओ साठवायला पुरेसं वेगवान, मेमरी कार्ड घ्या. पाठीवरची बॅग, लँडिंग पॅड, रिमोटला लावायची सावली हे सगळं नंतर.

घरी करायची तयारी

ॲप आणि फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) घरच्या वायफायवर अपडेट करून ठेवा. शेतात उभं राहून नेटवर्क शोधण्यात सकाळचा उजेड जातो. कॉम्प्युटरवर किंवा फोनवर एखादा सिम्युलेटर मिळाला तर काही दिवस त्यावर हात बसवा. सामान्य सेटिंगमध्ये डावी दांडी वर-खाली आणि गोल फिरवायला, उजवी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकवायला. हे वाचून येत नाही, अंगठ्यांना कळावं लागतं.

पहिलं उड्डाण

सकाळी लवकर जा. ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुरू होतो आणि तुमच्या डोक्याशी झुळूक असली तरी पन्नास मीटरवर तो बराच जोराचा असतो. गाडीच्या बॉनेटवरून, लोखंडी झाकणावरून किंवा स्लॅबवरून उडवू नका. स्लॅबमधल्या सळयांनी ड्रोनचं होकायंत्र चकतं आणि तो सरळ जायच्या ऐवजी गोल-गोल फिरू लागतो.

पंखे एकेक करून बोटाने तपासा. कडेला नखाएवढी चीर असली तरी तो पंखा बाद. कॅमेऱ्याच्या गिंबलचं (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचं) कव्हर काढलंय ना ते बघा. ड्रोन चालू करून उपग्रह पुरेसे मिळेपर्यंत आणि ॲप ‘होम पॉइंट नोंदवला’ असं सांगेपर्यंत थांबा. इथे घाई करणारे फार. होम पॉइंट नोंदला गेला नसेल तर ड्रोनला परत कुठे यायचं तेच माहीत नसतं.

आता ‘रिटर्न टू होम’ची उंची. सिग्नल तुटला की ड्रोन आधी या उंचीवर चढतो आणि मग सरळ रेषेत घराकडे येतो. म्हणून ती आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा, विजेच्या मनोऱ्यापेक्षा पंधरा-वीस मीटर जास्त हवी. शेतात ४० ते ५० मीटर बहुतेक पुरतात. शहराचा हिशेब करून बघा: एक मजला तीन मीटरचा धरला तर चाळिसाव्या मजल्याची गच्ची १२० मीटरवर. तिच्या वरून ड्रोन परत आणायचा तर कायद्याची मर्यादा ओलांडावी लागेल, आणि मर्यादेत राहायचं तर तो भिंतीवर आपटेल. गच्चीवरून उडवण्यात आणखी एक गोम आहे. ॲपवर दिसणारी उंची ड्रोन जिथून उठला तिथून मोजलेली असते. तिसाव्या मजल्याच्या गच्चीवरून उठून पडद्यावर ४० मीटर दिसत असतील, तर रस्त्यापासून तुम्ही १३० मीटरवर आहात.

ड्रोन दोन मीटरवर नेऊन अर्धा मिनिट तिथेच ठेवा. स्वतःहून सरकतोय का, आवाज बदलतोय का, ऐका. ठीक असेल तर दहा मीटरवर न्या आणि शेताच्या बांधांसारखा चौकोन काढा, आधी शेपटी तुमच्याकडे ठेवून. मग ड्रोनचं तोंड तुमच्याकडे वळवा आणि तोच चौकोन पुन्हा. आता डावं-उजवं उलटं होतं आणि चार-पाच सेकंद डोकं गोंधळतं. गोंधळ झाला की दोन्ही दांड्या सोडून द्या. जीपीएसवर असलेला ड्रोन जागच्या जागी थांबतो. दांड्या सोडण्याची ही सवय पुढे कधीतरी ड्रोन वाचवेल. चौकोनानंतर गोल, मग इंग्रजी आठचा आकडा. त्यानंतर ड्रोन डोळ्यांना दिसतोय एवढ्याच अंतरावर असताना रिटर्न टू होमचं बटण मुद्दाम दाबून तो कसा वागतो ते बघून ठेवा.

बॅटरी ३० टक्क्यांवर आली की उतरवा. डब्यावर तीस मिनिटं लिहिलं असलं तरी तो आकडा वारा नसतानाचा. परतीला वारा समोरून असेल तर हिशेब पार बदलतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना वारा पाठीशी ठेवा.

घार, मांजा, तार, पाणी

ठाण्यात आणि खाडीकाठी घारी भरपूर. घार ड्रोनभोवती घिरट्या घालू लागली तर सरळ वर चढवा. झडप घालायला तिला उंचीवरून यावं लागतं. नंतर तिथून निघा. संक्रांतीच्या आगेमागे वस्तीजवळ उडवू नका. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो आकाशात असतोच, आणि एका वेढ्यात मोटर थांबते.

उच्च दाबाच्या वाहिन्या या पट्ट्यात जागोजागी आहेत, कळव्याच्या आसपास तर विशेष. मनोऱ्यांच्या सगळ्यात वर जी बारीक तार असते ती ना पडद्यावर दिसते, ना ड्रोनच्या सेन्सरला. मनोरा दिसला की तारा आहेत असं धरून चाला.

तलावांच्या शहरात तलावाचा फोटो हवासा वाटणारच. पण पाण्याच्या अगदी जवळ, दोन-तीन मीटरवर, ड्रोनच्या पोटातले सेन्सर हलत्या प्रतिबिंबांनी फसतात. पाण्यावर किमान दहा मीटर उंची ठेवा. तलावपाळीसारख्या गर्दीच्या ठिकाणी मात्र नकोच. माणसांच्या डोक्यावरून उडवण्याएवढा कुणाचाच हात बसलेला नसतो.

आता फोटो

नवशिक्याचा हात उंचीकडे वळतो. १२० मीटरवरून सगळं सपाट आणि सारखंच दिसतं. माझ्या मते चांगले फोटो २० ते ४० मीटरमध्ये असतात. तिथे बैलगाडीची चाकोरी दिसते, भाताच्या भाऱ्यांच्या उडव्याचा गोल दिसतो, बांधावरून चाललेल्या माणसापेक्षा त्याची सावली लांब दिसते. कॅमेरा सरळ खाली करून काढायचा फोटो सूर्य तिरपा असतानाच काढा. भर दुपारी सावल्या वस्तूंच्या पायाखाली जातात आणि चित्र मरतं.

फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या रूपात) घ्या, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर ठेवा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवरून काढा. आकाश फ्रेममध्ये असेल तर एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं उणे करा. काळोखातून तपशील परत येतो, पांढराफटक पडलेल्या आकाशातून येत नाही. उजेडाचा फरक फार असेल तर ब्रॅकेटिंग लावून कमी-जास्त एक्स्पोजरचे तीन फोटो घ्या. व्हिडिओ २५ फ्रेमवर असेल तर शटर १/५०, आणि भर उजेडात त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लागतो. ड्रोन संथ मोडवर ठेवा. गिंबल झटक्याने खाली-वर करणं हे नवख्या व्हिडिओचं हमखास लक्षण.

ऋतूही सांभाळा. हे ड्रोन जलरोधक नसतात, त्यामुळे आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत पाण्याने भरलेली खाचरं कितीही चमकली तरी पाऊस नक्की थांबलाय याची खात्री असेल तेव्हाच. हिवाळ्यात आपल्याकडे धुरकं दाटतं. लांबचा डोंगर राखाडी दिसतो आणि संपादनात धुरकं काढणारं डीहेझ ताणलं की आकाश मळकट निळं होतं. पावसाळा सरतानाचे, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमधले दिवस सगळ्यात चांगले: हवा धुतलेली, डोंगर अजून हिरवे.

फोटो टाकण्याआधी मोठा करून बघा. कुणाची गच्ची, खिडकी, गाडीचा नंबर ओळखू येत असेल तर तेवढं कापा किंवा तो फोटो सोडून द्या. आणि बॅटऱ्या पूर्ण भरून कपाटात ठेवू नका: पुढचे काही आठवडे उडवणार नसाल तर त्या ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच विसरू नका. फुगलेली बॅटरी परत चार्जरला लावायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची.