अंगावर जखम नसली तरी : कामावरच्या अपघातातील मानसिक इजेची भरपाई कशी मागावी

गोव्यात वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात बॉयलर फुटतो. शेजारचा कामगार डोळ्यांदेखत जातो, तुमच्या अंगावर ओरखडाही नसतो. पण पंधरा दिवस उलटले तरी झोप लागत नाही, यंत्राचा आवाज चढला की छाती धडधडते, गेटपाशी पाय अडखळतात. ही इजाच आहे आणि तिची भरपाई मागता येते.

अडचण एकच. कामामुळे जडणाऱ्या आजारांच्या कायद्यातील यादीत मानसिक आजार नाहीत. म्हणून ‘कामाच्या ताणाने आजारी पडलो’ एवढ्यावर दावा टिकणे कठीण. तो ठरावीक दिवशी घडलेल्या अपघातावरच उभा करावा लागतो.

आधी पगाराची स्लिप पाहा. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात होत असेल (पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये), तर दावा ईएसआयकडे. मालकाकडून वेगळी भरपाई मिळत नाही. इथे सगळ्यात मोठी चूक होते: रजा ‘आजारपण’ म्हणून नोंदली जाते. साध्या आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळतात, तेही वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस. ‘कामावरील इजा’ अशी नोंद झाली, तर 90 टक्के, आणि काम करता येत नाही तोवर. म्हणून अपघात नोंदवहीत त्याच दिवशी नाव घालून घ्या आणि मालकाने ईएसआयला पाठवलेल्या अपघात अहवालाची प्रत मागा. जखमींच्या यादीत नाव नसेल, तर ‘घटनास्थळी हजर होतो’ असे लेखी देऊन पोच घ्या.

डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा मडगावच्या ईएसआय रुग्णालयात पहिल्याच भेटीत तारखेसह सगळे सांगा. केसपेपरवर नुसते ‘झोप येत नाही, घाबरल्यासारखे होते’ असे उतरले, तर पुढे मालकाचा वकील घरच्या भांडणाकडे बोट दाखवतो. ‘अमुक तारखेला कामावर स्फोट पाहिला, तेव्हापासून झोप नाही, त्याआधी असा त्रास नव्हता’ हे वाक्य कागदावर यायला हवे. आधी त्रास असेल तर लपवू नका. अपघाताने तो किती वाढला, ते लिहून घ्या. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 ने दिला आहे.

ईएसआय नसेल, तर मालकाला लेखी नोटीस द्या: नाव, पत्ता, अपघाताची तारीख, कारण. ठेकेदाराकडे असाल, तर मूळ कंपनीलाही द्या. मालकाने त्याच्या खर्चाने डॉक्टरकडे तपासणीला बोलावले तर जा. नकार दिला की हक्क थांबतो. पैसे मिळाले नाहीत, तर पणजीला पाटो येथील श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालयात जाऊन भरपाई आयुक्तांकडे अर्ज करा. मुदत दोन वर्षे. पूर्वी हे 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली चाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, तेव्हा अर्जात नवी कलमे घालून घ्या.

ईएसआय नसताना तात्पुरत्या अक्षमतेत, म्हणजे काही काळ काम करता येत नसेल तर, दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या 25 टक्के मिळतात: 15,000 पगारावर 3,750 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा, म्हणून औषधांची बिले जपून ठेवा.

आणि ‘घरगुती कारणासाठी रजा’ किंवा ‘स्वखुशीने राजीनामा’ असे लिहिलेल्या कागदावर सही करू नका. त्या एका ओळीने अपघाताशी असलेला धागा तुटतो, आणि मग केसपेपर कितीही चांगला असला तरी तो जोडणे अवघड होते.