भुलीनंतर श्वास उथळ? अँटिबायोटिकबाबत या चुका टाळा

शस्त्रक्रिया संपली, रिव्हर्सल (स्नायूंचा ढिलेपणा उतरवणारं औषध) दिलं, पेशंटने डोळेही उघडले. पण श्वास उथळ आहे आणि मान उचलता येत नाही. संशय लगेच व्हेक्युरोनियम या स्नायू ढिले करणाऱ्या औषधाच्या शेवटच्या डोसवर जातो. टाके घालताना शिरेतून दिलेलं जेंटामायसिन मात्र कुणाला आठवत नाही. अँटिबायोटिकचा भुलीशी काय संबंध, असं धरून चालणं हीच सगळ्यात मोठी चूक.

जेंटामायसिन, अमिकासिन, निओमायसिन ही औषधं मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरू देत नाहीत, त्यामुळे स्नायूला आकसण्याचा संदेश देणारं अॅसिटिलकोलिन कमी सुटतं. व्हेक्युरोनियम किंवा त्याच प्रकारच्या अट्राक्युरियमने आधीच ढिले पडलेले स्नायू आणखी ढिले होतात. क्लिंडामायसिननेही हे होतं, आणि कोलिस्टिनचा परिणाम तर फारच चिवट. पेनिसिलिन, सेफॅझोलिन यांची या बाबतीत धास्ती नको.

शस्त्रक्रियेत पोट आतून धुताना पाण्यात अँटिबायोटिक मिसळलं तर ते चार्टवर लिहायचं राहून जातं. पेरिटोनियममधून (पोटाच्या आतल्या अस्तरातून) ते रक्तात जातं. निओमायसिन पोटात सोडल्यावर श्वास बंद पडल्याच्या नोंदी 1950 च्या दशकापासून आहेत. म्हणून सर्जनने ते भूलतज्ज्ञाला आधी सांगायलाच हवं.

किडनी अधू असेल, मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल, किंवा एक्लॅम्प्सियासाठी (गरोदरपणातल्या झटक्यांसाठी) मॅग्नेशियम चालू असेल तर धोका वाढतो. मॅग्नेशियम चालू असलेल्या बाईला सिझेरियननंतर जेंटामायसिन देताना दोनदा विचार करा.

अशक्तपणा दिसला की निओस्टिग्मिनवर (नेहमीच्या रिव्हर्सलवर) निओस्टिग्मिन देत राहू नका. एकूण 5 मिलिग्रॅमपुढे फायदा नाही, उलट स्नायू आणखी दुबळे होऊ शकतात. कोलिस्टिनच्या बाबतीत तर निओस्टिग्मिनवर भरवसाच नको. सुगामॅडेक्स हे दुसरं रिव्हर्सल स्नायू ढिले करणाऱ्या रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमला पकडतं, अँटिबायोटिकला नाही. जेंटामायसिनवर कॅल्शियम कधी लागू पडतं, कधी नाही. खात्रीचा उपाय एकच: व्हेंटिलेटरवर ठेवून वाट पाहणं. तोवर झोपेचं औषध चालू ठेवा. जागेपणी हात हलवता न येणं, बोलता न येणं फार भयंकर असतं, आणि पेशंटला ते सगळं कळत असतं.

पाच सेकंद मान उचलली म्हणून श्वासाची नळी काढू नका. ट्रेन-ऑफ-फोरचं गुणोत्तर (मज्जातंतूला विजेचे चार हलके झटके देऊन चौथ्या आकुंचनाची पहिल्याशी तुलना) मोजा, किमान 0.9 हवं. रिकव्हरीत सोपवताना कोणतं अँटिबायोटिक किती वाजता दिलं, हे सिस्टरना तोंडी सांगा. पुढचा डोस तिथेच द्यायचा असेल तर तो देताना ऑक्सिमीटर बोटाला असू द्या आणि अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) खाटेशी.