डाइव्ह वॉचचा पट्टा: निवडायचा कसा, बदलायचा कसा

डाइव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली उतरताना घालायचं घड्याळ, घेताना आपण ते २०० मीटर खोलीच्या दाबाचं आहे की ३०० मीटरच्या ते बघतो, बेझल म्हणजे काचेभोवतीची कडी फिरवून बघतो, अंधारात काटे किती चमकतात तेही बघतो. पट्टा मात्र सोबत आला तोच चालवून घेतो. खरं तर घड्याळ मनगटावर टिकतं ते दोन बारीक स्प्रिंगच्या पिनांवर. त्यातली एक निसटली, तर २०० मीटरचं घड्याळ सरळ तळाला जातं. म्हणूनच डाइव्ह वॉचसाठीच्या आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकात पट्ट्याच्या जोडाचीही चाचणी आहे. दोन्ही पिनांवर विरुद्ध दिशांना २०० न्यूटनचा ताण देतात, म्हणजे साधारण २० किलोचं ओझं. बाजारातल्या स्वस्त पट्ट्यासोबत फुकट येणाऱ्या पिना एवढं सोसतीलच असं नाही. त्यामुळे पट्टा बदलताना रंग, शिलाई, बक्कल हे सगळं नंतर; आधी पिना.

माप घ्या

केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डबीला, पट्टा अडकवण्यासाठी जे कान असतात त्यांना लग म्हणतात. समोरासमोरच्या दोन लगांच्या आतल्या कडांमधलं अंतर, तेच पट्ट्याचं माप. जुना पट्टा मोजून नवा मागवू नका, वापरून वापरून त्याच्या कडा बदललेल्या असतात. डिजिटल कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी चालते. सेइको एसकेएक्स००७, सेइको टर्टल आणि कॅसिओ ड्युरो यांना २२ मिमीचा पट्टा लागतो. सिटिझन प्रोमास्टर एनवाय००४० ला २० मिमीचा. रोलेक्स सबमरिनरचं माप वर्षानुवर्षं २० होतं, २०२० मध्ये ४१ मिमीची केस आली आणि ते २१ झालं. एकाच नावाच्या घड्याळाचंही माप असं बदलतं, म्हणून आपलं घड्याळ स्वतः मोजलेलं बरं. एक मिमी अरुंद पट्टा बसतो, पण पिनेवर इकडेतिकडे सरकत राहतो. रुंद पट्टा कोंबून बसवला तर त्याच्या कडा दुमडतात आणि पिनेवर सतत ताण राहतो.

सेइकोवाल्यांनी इथे जरा थांबावं. त्यांच्या बऱ्याच डाइव्ह वॉचना जाड पिना असतात, सुमारे २.५ मिमी व्यासाच्या, आणि लगमधली भोकंही त्याच मानाने मोठी. साधी पिन १.५ किंवा १.८ मिमीची, तिचं टोकही बारीक. ती त्या भोकात बसते, पण सैल बसते. शक्यतो मूळची जाड पिन जाईल असा पट्टा शोधा. ते जमलं नाही तर अंगाने बारीक पण टोकाला जाड अशा पिना वेगळ्या मिळतात, त्या घ्या.

पट्टा कशाचा

समुद्रात उतरणार असाल तर पहिली पसंती रबराला. पण रबर म्हणून विकलं जाणारं सगळं एकसारखं नसतं. सिलिकॉन मऊ आणि स्वस्त, मात्र धूळ आणि कपड्यांचे तंतू खेचून घेतं आणि कड एकदा चिरली की फाटत जातं. पॉलियुरेथेन सुरुवातीला छान असतं, पण काही वर्षांनी दमट हवेत कडक होऊन तडकतं. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं. नैसर्गिक रबर लवचीक असतं, पण ऊन आणि तेलकट सनस्क्रीन त्याला मानवत नाही. एफकेएम नावाचं फ्लोरोरबर ऊन, तेल आणि घाम या तिन्हींना पुरून उरतं, म्हणून महागड्या पट्ट्यांत तेच दिसतं. त्याबद्दल एक गोष्ट माहीत असावी: २०२४ च्या शेवटी अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांनी घड्याळांचे आणि फिटनेस बँडचे २२ पट्टे तपासले, तेव्हा फ्लोरोरबराच्या काही पट्ट्यांत पीएफएचएक्सए हे पीएफएएस गटातलं, निसर्गात सहज न विघटणारं रसायन सापडलं. रात्रंदिवस तोच पट्टा घालून झोपणाऱ्यांनी याचा विचार करावा. डाइव्हपुरता वापरणाऱ्याला मी एफकेएमच सुचवेन.

जुन्या डाइव्ह वॉचच्या रबरी पट्ट्यावर, केसजवळ, भात्यासारख्या घड्या दिसतात. त्या शोभेसाठी नाहीत. वेटसूट म्हणजे डाइव्ह करताना घालायचा घट्ट पोशाख; तो ज्या निओप्रीन रबराचा असतो त्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतात. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, सूट पातळ होतो आणि वर घट्ट बांधलेला पट्टा खाली सैल पडतो. सेइकोने १९७५ मध्ये ६०० मीटरचं टायटॅनियम केस असलेलं व्यावसायिक डायव्हरचं घड्याळ काढलं, त्याला असा भात्याचा पट्टा दिला. वर असताना घड्या ताणलेल्या राहतात, खोलीवर त्या मिटतात आणि पट्टा मनगट सोडत नाही. जाड सूट घालून डाइव्ह करणार असाल तर हाच प्रकार घ्या, आणि लांबीही बघा. साध्या पट्ट्याचे दोन भाग १२० आणि ७५ मिमीच्या आसपास असतात. सूटच्या बाहीवरून ते पुरत नाहीत.

नायलॉनच्या नेटो पट्ट्याचं मूळ ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाच्या १९७३ च्या एका मानकात आहे. त्याचा मोठा गुण म्हणजे तो अखंड असतो आणि दोन्ही पिनांखालून जातो. एक पिन गेली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकत राहतं. तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला पहिल्यांदाच डाइव्ह करणाऱ्याने हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. तोटे दोन: घड्याळ मनगटावर थोडं उंच बसतं, आणि पट्टा ओला राहिला की वास मारतो.

स्टीलची चेन सूटवर घालायची तर तिच्या क्लॅस्पमध्ये, म्हणजे बंद करायच्या खटक्यात, वाढवायची सोय हवी. चामडं पाण्यासाठी नाही. पावसाळ्यात कपाटात ठेवलं तरी त्याला बुरशी येते.

बदलताना

आधी घड्याळ गोड्या पाण्यात धुऊन कोरडं करा, म्हणजे मिठाचे कण केसवर घासणार नाहीत. टेबलावर जाड टॉवेल पसरा, काच खाली येईल असं घड्याळ ठेवा. लगांच्या आतल्या आणि मागच्या बाजूला मास्किंग टेप चिकटवा. चष्मा नसेल तर साधा गॉगल लावा, कारण पिन सुटली की उडते. पलंगाखाली ती शोधत बसायचं नसेल तर सगळं काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा.

पिन काढायला दुबेळक्या टोकाचं हत्यार मिळतं. घड्याळजींकडे बर्जिऑन ६७६७ दिसतं, घरी साधंही चालतं. सुरी किंवा टाचणी वापरू नका, लगवर ओरखडा हमखास येतो. हत्याराचं टोक पट्टा आणि लग यांच्या फटीत घाला, पिनेच्या टोकाजवळची कड त्यात पकडा आणि लगपासून दूर, पट्ट्याच्या मध्याकडे दाबा. स्प्रिंग दबल्याचं हाताला कळतं. तसंच दाबून ठेवत पट्टा किंचित उचला, टोक भोकातून बाहेर येईल. लगला आरपार भोक असेल तर काम आणखी सोपं: बाहेरून बारीक टोकाने पिन आत ढकला. चेनची शेवटची कडी केसला चिकटून असते, तिथे एक बाजू भोकाच्या जरा बाहेर आणून ठेवा आणि मग दुसरी सोडवा. एका बाजूने जोर करून चेन ओढली तर लग घासला जातो.

पट्टा निघाला की लगांमधला कोपरा नीट बघा. घाम, मीठ, मळ तिथे साचतो. मऊ टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने तो साफ करा. क्राउन, म्हणजे वेळ लावायची गुंडी, आवळलेला आहे ना, हे आधी तपासा. नंतर प्रत्येक पिन बोटांत धरून दोन्ही टोकं दाबा. अडकत असेल, वाकली असेल, गंज दिसत असेल, तर फेकून द्या. चांगल्या स्टीलच्या पिनांची जोडी घड्याळाच्या मानाने नगण्य किमतीत मिळते.

नवा पट्टा बसवताना बक्कलची बाजू १२ कडे, भोकांची लांब बाजू ६ कडे. पिन पट्ट्यात घाला, एक टोक लगच्या भोकात टेकवा, दुसरं हत्याराने दाबून लगच्या आत सरकवा आणि हळूच सोडा. ‘टक’ असा आवाज येतो. आवाज आला म्हणून थांबू नका. पट्टा वरखाली हलवा, पिन डावीउजवीकडे सरकवून बघा, मग एका हातात केस धरून दुसऱ्याने पट्टा चांगला ओढा. सुटायचा असेल तर टॉवेलवरच सुटू दे. नेटोसाठी आधी दोन्ही पिना जागी बसवा. लांब टोक १२ कडच्या पिनेवरून आत घाला, केसच्या पाठीमागून न्या, ६ कडच्या पिनेखालून वर काढा आणि शेवटी बक्कलजवळ जोडलेल्या आखूड पट्टीच्या लूपमधून ओवा.

चेनच्या कड्या काढायच्या असतील तर आतल्या बाजूला बाण असतो. पिन बाणाच्या दिशेने बाहेर जाते आणि उलट बाजूने परत आत येते. काही सेइको चेनमध्ये पिनेवर छोटीशी नळी असते, ती पडली तर सापडणं कठीण. त्यासाठी घड्याळजींकडे गेलेलं चांगलं.

पट्टा बदलल्याने घड्याळाच्या जलरोधकतेवर काही परिणाम होत नाही, केस उघडलेलीच नसते.

समुद्रातून आल्यावर

बादलीत गोडं पाणी घेऊन घड्याळ पट्ट्यासकट हलवा, नायलॉन असेल तर साबण लावून पिळा आणि सावलीत वाळवा. डास पळवणारं डीईईटीयुक्त क्रीम पट्ट्याला लागू देऊ नका, प्लास्टिक आणि काही रबरं त्याने खराब होतात. पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं तेव्हा घड्याळ धुऊन, पूर्ण कोरडं करून ठेवा. ऑक्टोबरमध्ये बोटीवर चढण्यापूर्वी दोन्ही पिना पुन्हा एकदा दाबून बघा आणि दोन सुट्या पिना बॅगेत टाका.