टॉवेलवाल्यांनो, अमेरिकेत ऑफिस कुठं टाकाल?

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले आमचे कारखानदार विचारतात, तेव्हा मी आधी एकच सांगतो: नातेवाईक कुठं राहतात ते सोडा, गिऱ्हाईक कुठं बसतं ते बघा. मोठ्या दुकानसाखळ्यांपैकी वॉलमार्टचं मुख्यालय बेंटनव्हिलला, टार्गेटचं मिनियापोलिसला. होम टेक्स्टाइलचा मार्केट वीक, म्हणजे खरेदीदार नवा माल बघायला येतात तो आठवडा, मात्र न्यूयॉर्कला भरतो.

मग घड्याळ. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे ६.३०, हिवाळ्यात ७.३०. म्हणजे डाईंगवाल्याला विचारून लगेच उत्तर देता येतं. कॅलिफोर्नियाच्या ९ वाजता आपल्याकडं रात्रीचे ९.३० किंवा १०.३०! रोज हे निभत नाही.

माल तिथं साठवून विकायचा असेल तर माझं मत अटलांटाला. सवाना बंदर रस्त्यानं साधारण ४०० किलोमीटरवर, शिवाय जागेचं भाडं न्यूयॉर्कपेक्षा कमी.

डेलावेअर राज्यात कंपनी नोंदवली तरी ऑफिस ज्या राज्यात, तिथंही नोंदणी लागते. आणि घरचा माणूस एल-१ व्हिसावर (कंपनीतल्याच माणसाला तिच्या अमेरिकेतल्या ऑफिसात पाठवायचा व्हिसा) पाठवणार असाल तर जागा आधी पक्की करा, भाडेकरार अर्जासोबत जोडा. नव्या ऑफिससाठी या व्हिसाची पहिली मुदत जास्तीत जास्त १ वर्षाची मिळते. त्यानंतर वाढवून घेताना धंदा खरोखर चालू असल्याचं दाखवावं लागतं.